गाडीवरचा वाळलेला डिंक

लग्नसराई सरली तरी लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांदा आणणाऱ्या कितीतरी ट्रॅक्टर-पिकअपवर वरातीचे कागद नि चिकटपट्टीचे डाग तसेच असतात. ते पात्याने खरवडू नका. रंग निघाला की पावसाळ्यात तिथेच पत्रा गंजतो.

कागद कणकेच्या खळीने डकवला असेल, तर कोमट पाण्याचे फडके अर्धा तास ठेवा. चिकटपट्टीचा डिंक मात्र पाण्याला दाद देत नाही. त्यावर खोबरेल तेल लावून १५-२० मिनिटे थांबा, मग मऊ कापडाने हलके चोळा. राहिलाच, तर पुन्हा तेल लावा. पेट्रोल, थिनर नको. रंगाची चमक जाते. काम सावलीत करा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर तेलावर धूळ बसेल.