दुरुस्तीचे तास कोणाच्या खाती?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी हिंजवडीतील एका कंपनीत कनिष्ठ प्रोग्रॅमर आहे. तिचा एक सहकारी चार वर्षांनी ज्येष्ठ, पगार दुप्पट. पण त्याचा प्रोग्रॅम चाचणीत टिकत नाही. रात्री बसून तो दुरुस्त करते ही. श्रेय जाते त्याला. "आजोबा, अशा माणसाला कंपनी ठेवते तरी कशाला?" असे तिने विचारले.

उत्तर हिशेबात आहे. तिच्या प्रकल्पात परदेशी ग्राहकाला आकारणी होते ती माणशी तासांची. काम न येणाऱ्याचाही तास बिलात चढतो. ज्येष्ठ म्हणून किंचित चढ्या दरानेच! त्याच्या चुकांचा भुर्दंड कंपनीवर पडत नाही, तो या मुलीच्या झोपेतून वसूल होतो. आता उशीर भरून काढण्यासाठी आणखी दोघे येणार आहेत. लांबलेल्या कामावर माणसे वाढविली की ते अधिकच लांबते, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले होते. पण माणशी आकारणीत लांबणे हीही कमाईच नव्हे काय?

त्या सहकाऱ्यावर तिने दात धरावा, असे मला वाटत नाही. त्यालाही दोन आठवड्यांचे जुजबी प्रशिक्षण देऊन नव्या कामावर ढकललेले आहे. मात्र मुकाट्याने निस्तरणे तिने थांबवावे. दुरुस्तीचा प्रत्येक तास दुरुस्ती म्हणूनच टाइमशीटवर लिहावा, असे मी तिला सुचविले.

गेल्या महिन्यात तिने असे बावीस तास लिहिले. ते 'स्वयंअध्ययन' या सदरात टाकावेत, असे व्यवस्थापकांचे तोंडी सांगणे आहे. लेखी द्या, असे तिने कळविले आहे.