अंजूरफाट्यावरून वसईकडे

"दिवाळी अंकात पाद्री कशाला?" आमच्या एका जुन्या जाहिरातदारांनी मजकूर देता देता विचारलं. मुखपृष्ठाच्या आतलं पान दरवर्षी त्यांचंच, त्यामुळे प्रश्नाला वजन होतं. मी म्हटलं, "शेठ, अंक भिवंडीचा आहे म्हणून." त्यांना ते पटलं नाही. जाहिरात दिली, पण अर्ध्या पानाची. उरलेल्या अर्ध्या पानात हे संपादकीय पसरलं आहे, असं समजायला हरकत नाही.

तसं पाहिलं तर भिवंडीत ख्रिस्ती माणसं मूठभर. पण अंजूरफाट्यावरून कामणमार्गे चिंचोटीच्या रस्त्याला लागलं, की खड्डे मोजत मोजत आपण वसईत पोचतो. आज तो रस्ता कंटेनरवाल्यांचा आणि गोदामवाल्यांचा. एके काळी तो गाऱ्हाण्यांचा होता. अंजूरच्या गंगाजी नाइकांनी पोर्तुगिजांच्या धर्मछळाची तक्रार पेशव्यांपर्यंत नेली, आणि 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. एवढी गोष्ट आपण पोरांना हौसेनं सांगतो. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपली उपासना करायची मुभा मराठ्यांनी तहात दिली होती, हे सांगायचं मात्र राहून जातं. छळाचा जाब विचारायचा, पण छळ करणाऱ्याच्या धर्माच्या गरीब माणसाला हात लावायचा नाही, ही समज या भागात पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी होती.

त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले. जन्म नंदाखालचा. वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. संपादकाच्या खुर्चीतला माणूस म्हणून मला ते अंमळ जास्तच जवळचे. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. तेव्हाही 'पाद्री कशाला?' हा प्रश्न विचारला गेलाच, आणि बऱ्याच चढ्या आवाजात. संमेलनाध्यक्षाला पोलीस बंदोबस्तात वावरावं लागलं.

पण मला त्यांचं आठवतं ते 1988 नंतरचं काम. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामांची नजर पडली, बागायतीच्या विहिरींचं पाणी टँकरनं इमारतींकडे जाऊ लागलं, विरोधात बोलणाऱ्याला दमदाटी होऊ लागली. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि झगा घातलेला हा माणूस मोर्चाच्या पुढे चालू लागला. केळीच्या आणि पानवेलीच्या बागा राखणारे लोक रस्त्यावर आले, त्यांत नुसते चर्चला जाणारे नव्हते. विहिरीत खारं पाणी शिरायला लागलं की ते जात आणि धर्म विचारून शिरत नाही. 'चांगला शांत तालुका, फादरनी पेटवला', ही तक्रार त्या वेळी कोण करत असेल, ते वेगळं सांगायला नको. डोंगरावरच्या प्रवचनात येशू शांती करणाऱ्यांना धन्य म्हणतो. मराठीत शांतता 'राखतात' ती पोलीस चौकीच्या पाटीवर. करायची म्हटली की अंगमेहनत आली, भांडण आलं.

हा फरक भिवंडीकरांना शिकवायला नको. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर हिंदू-मुस्लिम दंगलीत गाव जळालं. न्या. मादन आयोगानं साक्षी-पुरावे उलटसुलट तपासले, जाडजूड अहवाल दिला. तो वाचलेला माणूस गावात शोधावा लागेल. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा तेच, जास्त क्रूरपणे. मधल्या चौदा वर्षांत शांतता कमिट्या होत्याच की. वीस प्रतिष्ठित, चहा, बिस्किटं, फोटो. सण आला की बसायचं, सण गेला की उठायचं. 1988 च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे आले, आणि त्यांनी मोहल्ला कमिट्यांत प्रतिष्ठितांऐवजी गल्लीतली माणसं बसवली: यंत्रमागावरचा कामगार, रिक्षावाला, टपरीवाला, निम्मे इकडचे निम्मे तिकडचे. काही घडलेलं नसताना बसायचं, आणि गटार, नळ, दारूचा अड्डा यांवर बोलायचं. 1992 च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा भिवंडी पेटली नाही. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकानं पुढे त्याची दखल घेतली. पण म्हणून फार मिरवायला नको. 2006 साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गोळीबार झाला, माणसं गेली आणि दोन पोलिसांचाही जीव घेतला गेला. कमिट्या तोवर सुस्तावल्या होत्या.

खोपड्यांची गटारं आणि दिब्रिटोंच्या विहिरी मला एकाच जातीच्या वाटतात. दोघांनीही सलोख्याचं भाषण बाजूला ठेवून आधी पाण्याचं बोलणं काढलं.

फादर स्टॅन स्वामी यांचं नाव घेतल्याशिवाय मात्र पाद्र्यांचा हा विषय पुरा होत नाही, आणि शेठ नाराज झाले ते बहुधा त्यांच्याच नावावर. तामिळनाडूचा हा जेझुइट झारखंडच्या आदिवासींत राहिला. त्यांच्या जमिनीसाठी आणि खटल्याविना तुरुंगात पडलेल्या त्यांच्या पोरांसाठी झगडला. एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांना अटक झाली. आपल्यापासून फार लांब नसलेल्या तळोजा कारागृहात, कंपवातानं हात थरथरत असताना, पाणी प्यायला नळी मिळावी म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले. वय 84. जामिनाचा अर्ज पडूनच होता, खटला सुरूही झाला नव्हता. आरोप खरे की खोटे, याचा निकाल आता त्यांच्यापुरता कधीच लागणार नाही. मला ती नळी विसरता येत नाही.

आता स्वतःच्या गावाकडे येतो. मागांची खटखट चालू आहे म्हणजे गाव ठीक आहे, असं आम्ही समजतो. पण त्या खटखटीखाली बारा-बारा तासांची पाळी आहे, मीटरवर मोजलेली मजुरी आहे, कापसाच्या फुफाट्यानं भरलेली छाती आहे, आणि पाळी बदलली की त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर दुसरा माणूस झोपतो आहे. नव्या करारात याकोबाचं एक पत्र आहे. शेत कापणाऱ्यांची जी मजुरी मालकानं अडकवून ठेवली, ती मजुरीच ओरडते आहे, असं तो सांगतो. दंगल नाही म्हणून शांतता आहे, असं मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पत्र अडचणीचं आहे. मी ते या अंकाच्या मुद्रितांबरोबर टेबलावर ठेवलं होतं. दोनदा बाजूला सारलं, तिसऱ्यांदा वाचलं.

या वर्षीच्या विशेष विभागात वसईच्या पाण्यावर, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांवर आणि मागावरच्या मजुरीवर लेख आहेत. कथा-कविता आहेतच. राशिभविष्य याही वर्षी नाही.

शेवटची पानं छापखान्यात गेली त्या रात्री साडेअकराच्या सुमाराला गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. कान सुन्न झाले. मी खिडकीशी गेलो. समोरच्या घरांतूनही माणसं आपसूक दारात आलेली, कुणी बनियनवर, कुणी पोराला कडेवर घेऊन. शेजारच्या चाचांनी ओट्यावरून वर बघत विचारलं, "लाइट ही गई है ना?"

"लाइटच, चाचा," मी म्हटलं.

ते तरी थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग आत गेले.