मोजताना शहर, कारभारात खेडे

इटली आणि महाराष्ट्र आकाराने जवळपास सारखेच. इटली सुमारे ३ लाख २ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्र ३ लाख ७ हजार ७१३. माणसांचा हिशेब मात्र निराळा: तिकडे सुमारे ५ कोटी ९० लाख, इकडे २०११ सालीच ११ कोटी २३ लाख. युरोपात सर्वाधिक तांदूळ पिकतो तो इटलीत, पो नदीच्या सपाट खोऱ्यात. आणि मोठे कारखानेही त्याच खोऱ्यात. वैनगंगेकाठच्या भंडारा जिल्ह्याला हे चित्र अगदीच परके वाटू नये.

मोहाडी तालुक्यातल्या वरठीचेच पाहा. रेल्वेने भंडाऱ्याला येणारा प्रवासी हावडा-मुंबई मार्गावरच्या ‘भंडारा रोड’ला उतरतो, ते स्थानक वरठीचे. सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही इथलाच. एका अंगाला धानाच्या बांध्या आणि पावसाळ्यात रोवणीची लगबग. दुसऱ्या अंगाला भट्टी, मालगाड्या आणि पाळीवर निघालेले कामगार. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन निकषांवर जनगणनेने वरठीला ‘जनगणना नगर’ म्हटले. मेख पुढेच आहे. जनगणना नगर म्हणजे मोजणीत शहर ठरलेले, पण नगरपालिका किंवा नगरपंचायत न मिळालेले गाव. सांडपाणी, कचरा, नळ यांचा बोजा शहराचा. तो वाहायचा ग्रामपंचायतीने.

२०१४ साली राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचे ठरवले. त्यात मोहाडीचा नंबर लागला. हरकत नाही, पण कसोटी लावली ती तहसील कचेरीची. माणसे कुठे राहतात, काय काम करतात, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

इटलीत सुमारे ७,९०० नगरसंस्था आहेत. लोम्बार्दीतल्या मोर्तेरोनेची वस्ती तिसाच्या आसपास, तरी त्याला स्वतःचा महापौर. आणि १९९३ पासून महापौर थेट लोकांनी निवडायचा. वर २० प्रांत, प्रत्येकाला निवडून आलेले विधिमंडळ. एवढे करूनही दक्षिण इटली उत्तरेच्या मागेच राहिली, हेही सांगितले पाहिजे. निवडून आलेली संस्था म्हणजे विकासाची हमी नव्हे. पण जाब कोणाला विचारायचा, हे तिथल्या माणसाला ठाऊक असते. विदर्भाचे वैधानिक विकास मंडळ नेमलेले होते, निवडलेले नव्हते. त्याचीही मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

मोजणीतही तीच तऱ्हा. इटलीने २०१८ पासून दरवर्षीची जनगणना सुरू केली. आपली २०२१ ची टळली. आता गणनेची तारीख १ मार्च २०२७. म्हणजे तब्बल सोळा वर्षे जुन्याच आकड्यांवर कारभार.

नगरपंचायत झाली की कर वाढतील आणि ग्रामीण योजना हातच्या जातील, ही गावकऱ्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच निर्णय उघडपणे व्हायला हवा. २०२७ च्या गणनेत जी गावे नगर ठरतील, त्यांच्याबाबत वर्षभरात ग्रामसभेचे म्हणणे ऐकून सरकारने ठरवावे: नगरपंचायत द्यावी, नाहीतर न देण्याचे कारण लेखी द्यावे आणि शहराएवढ्या कामासाठी ग्रामपंचायतीला तेवढा निधी तरी द्यावा. गावाला शहर म्हणून मोजायचे आणि निधी वाटताना खेडे म्हणायचे, हा दुटप्पीपणा आणखी दहा वर्षे चालू देऊ नये.