तीन इंच उंचीची किंमत

ट्रक हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो सहा किंवा दहा चाकांचा, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला आणि कांद्याच्या गोणी वाहणारा अवजड गडी. अमेरिकेत मात्र ट्रक म्हटले की बहुतेकांच्या मनात येते ती पिकअप. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. शेतकरी, सुतार, नळकारागीर यांची ती कामाची गाडी. पण दिवसभर टेबलाशी बसणारे नोकरदारही ती मोठ्या हौसेने बाळगतात. फोर्ड कंपनीची 'एफ' मालिकेतली पिकअप १९७७ पासून चार दशकांहून अधिक काळ तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक ठरली, यावरूनच या वाहनाचे वेड लक्षात यावे.

या पिकअपवाल्यांचा एक लाडका उद्योग म्हणजे गाडी उंच करणे. तिथे गॅरेजची मजुरी महाग आणि अनेकांच्या घराला स्वतःचे गॅरेज असते. त्यामुळे शनिवार-रविवारच्या सुट्टीत मित्राला मदतीला घेऊन घरच्या घरीच हे काम उरकले जाते. त्यातला सर्वांत स्वस्त आणि सोपा समजला जाणारा प्रकार म्हणजे 'बॉडी लिफ्ट'. मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून आपल्याकडच्या थार, बोलेरो आणि जुन्या जीपच्या मालकांनाही आता या प्रकाराची भुरळ पडू लागली आहे. म्हणूनच हे नेमके काय प्रकरण आहे, त्यात काय मिळते आणि काय गमवावे लागते, हे समजून घेतलेले बरे.

सांगाडा वेगळा, अंग वेगळे

मोटारगाड्यांच्या बांधणीच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. मारुती ८०० सारख्या छोट्या मोटारीत सांगाडा आणि बॉडी एकजीव असतात. पिकअप, जीप, टाटा सुमो, बोलेरो यांची गोष्ट निराळी. त्यांच्यात खाली शिडीच्या आकाराची पोलादी चासी असते. इंजिन, गियरबॉक्स, चाके, स्प्रिंगा हे सारे त्या चासीला जोडलेले असते. बॉडी वरून ठेवून, मध्ये जाड रबरी बुश घालून बोल्टांनी आवळलेली असते. रस्त्याचे हादरे थेट बसणाऱ्यांच्या हाडांपर्यंत पोहोचू नयेत, हे त्या बुशांचे काम.

बॉडी लिफ्टमध्ये या बुशांच्या जोडीला चासी आणि बॉडी यांच्यामध्ये कडक प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवतात. त्यांची जाडी साधारण एक ते तीन इंच. बोल्ट तेवढे लांब घ्यायचे. बॉडी वर उचलली जाते, चासी होती तिथेच राहते. एकजीव बांधणीच्या मोटारीत हा प्रकार करताच येत नाही, कारण उचलायला वेगळी बॉडीच नसते.

आता यातला हिशेब पाहा. समजा तीन इंचांचे ठोकळे घातले. चाकांवरच्या मडगार्डमध्ये जागा झाली, म्हणून ३१ इंची टायर काढून ३३ इंची चढवले. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला, म्हणजे आस एक इंच वर गेला. गाडीचे छप्पर एकूण चार इंच उंचावले. पण खडकाळ वाटेवर दगड लागतो तो छपराला नव्हे, दोन चाकांमधल्या आसाच्या पोटाला. त्याच्या वाट्याला आला फक्त एक इंच, आणि तोही टायरमुळे. नुसते ठोकळे घालून टायर जुनेच ठेवले, तर पोटाखालची जागा सुतभरही वाढत नाही. हौशी मंडळी हे गणित सहसा मांडत नाहीत.

काम कसे चालते?

तयारी दोन दिवस आधीच सुरू होते. वर्षानुवर्षे पाणी-चिखल खाल्लेले बोल्ट गंजलेले असतात. त्यांना गंज सोडवणारे तेल पाजून ठेवावे लागते. ही घाई केली की बोल्ट तुटतो, नाहीतर बॉडीच्या आत झाकलेला नट जागच्या जागी फिरू लागतो. मग एका बोल्टासाठी केबिनमधला गालिचा उचलून पत्रा कापण्याची पाळी येते.

प्रत्यक्ष कामासाठी जागा सपाट आणि टणक हवी. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवायची. पुढची चाके सरळ ठेवून स्टेअरिंग पट्ट्याने बांधून टाकायचे. कारण स्टेअरिंगचा दांडा खालून सोडवल्यावर चक्र मोकळे फिरले, तर त्याच्या आतली एअरबॅगची वेटोळी तार तुटते.

मग केबिनखालच्या सगळ्या बोल्टांचे काही आटे ढिले करतात. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढतात. दुसऱ्या बाजूचे ढिले पण जागेवर ठेवतात, म्हणजे ती बाजू बिजागरीसारखी काम देते. बॉडीच्या भक्कम कडेखाली जाड लाकडी फळी आणि तिच्याखाली जॅक. फळी नसेल तर जॅकचे डोके पत्र्यात घुसते. एकाने जॅक बोटभर उचलायचा आणि दुसऱ्याने कुठली नळी किंवा तार ताणली जाते का ते पाहायचे. असे थांबत थांबत फट वाढली की ठोकळा बाजूने धरून आत सरकवायचा. हात फटीत घालायचा नाही. जॅक घसरला तर शेकडो किलोंची केबिन बोटांवर येते. उचललेल्या बॉडीला नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच सोडायचे नसते. शेजारी लोखंडी घोडी किंवा लाकडी ठोकळ्यांचा आधार लागतोच.

एक बाजू झाली की दुसरी, केबिन झाली की हौदा. सगळे ठोकळे बसल्यावरच सारे बोल्ट टॉर्क पान्याने, किटबरोबरच्या कागदात दिलेल्या मापाने आवळायचे. काहीशे मैल चालल्यावर पुन्हा एकदा आवळायचे, कारण नवे ठोकळे थोडे बसतात.

इथे अमेरिकेतल्या जुगाडू मंडळींचीही कमाल आहे. बर्फावरच्या हॉकीत वापरतात ती कडक रबराची चकती ठोकळा म्हणून घालणारे तिथे मुबलक आहेत. कुणी लाकडाचे तुकडे घालतो, कुणी वायसरांची चळत रचतो. लाकूड कुजते, चळत सरकते आणि बोल्टावर आडवा ताण येतो. मुळातच लांब झालेल्या बोल्टाला वाकायला तेवढे निमित्त पुरते.

मधल्या नाड्या

बॉडी उचलणे हा कामाचा दिसणारा भाग झाला. खरी कसोटी त्यापुढे आहे. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये कितीतरी दुवे असतात आणि कारखान्यात त्यांची लांबी मूळ उंचीला बेतून ठरवलेली असते.

स्टेअरिंगचे चक्र बॉडीत आणि चाके वळवणारी पेटी चासीवर. मधला दांडा तीन इंच वाढवावा लागतो आणि त्याचा सांधा अर्धवट बसला तर वळणावर चक्र हातात फिरेल, चाके फिरणार नाहीत. ब्रेकचा मास्टर सिलिंडर बॉडीवर, नळ्या चासीवरून चाकांकडे गेलेल्या. ताणलेली नळी त्या दिवशी फुटत नाही. सहा महिन्यांनी एखाद्या उतारावर फुटते.

इंजिन चासीवर, रेडिएटर बहुधा बॉडीला. बॉडी वर गेली की पंखा त्याच्याभोवतीच्या कड्याच्या खालच्या काठाला घासू लागतो. म्हणून ते कडे किंवा रेडिएटरच खाली घ्यावा लागतो. इंधन भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतची नळी, हँडब्रेकची तार, क्लचची नळी, गियरचा दांडा, अर्थची तार, एसीच्या नळ्या या प्रत्येकाची अशीच तपासणी करावी लागते. गियरचा दांडा मूळ भोकात अडला की एखादा गियर पूर्ण पडत नाही आणि चालता चालता निसटतो. अर्थची तार तुटली तर दिवे आणि इतर उपकरणे भलतीच वागू लागतात. ही यादी पाहिली की 'एका रविवारचे काम' या बढाईतला फोलपणा कळतो.

रस्त्यावर काय घडते?

गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. वाहन कितपत उलटेल याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेतले तज्ज्ञ एक साधा भागाकार करतात. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. उदाहरणादाखल, चाकांमधले अंतर ६० इंच आणि गुरुत्वमध्याची उंची २७ इंच असेल, तर उत्तर १.११ येते. ती उंची दोन इंचांनी वाढून २९ झाली की उत्तर १.०३. आकडा जितका लहान, तितका उलटण्याचा धोका मोठा. अचानक कुत्रे आडवे आले आणि चक्र झटकन वळवावे लागले, की हा फरक कागदावर राहत नाही. निसरड्या वळणावर गाडी सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा हिशेबही मूळ उंचीवरच बेतलेला असतो.

मोठ्या टायरचे चटके आणखी निराळे. ३१ च्या जागी ३३ इंची टायर आले की स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८५ च्या वेगाने धावत असते. जड टायर थांबवायला ब्रेकना जास्त जोर लागतो. इंधन जास्त जळते. हेडलाईट वर गेल्याने समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ते पुन्हा खाली वळवून घेतले नाहीत, तर गुन्हा आपला आणि अपघात दुसऱ्याचा.

त्याहून गंभीर प्रश्न आहे तो समोरच्या लहान मोटारीचा. अमेरिकेत मोटारींच्या बंपरची चाचणी जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात होते. पिकअपला तो नियम लागू नाही. तिचा बंपरही ठोकळ्यांबरोबर वर नेला, तर धडकेच्या वेळी बंपरला बंपर भिडत नाही. उंच गाडी लहान मोटारीच्या बॉनेटवर चढते. शिवाय बॉनेट जितके उंच, तितका त्याच्या पुढचा न दिसणारा भाग मोठा. दारासमोरच्या अंगणात चेंडूमागे धावणारे तीन-चार वर्षांचे मूल त्या भागात सहज झाकले जाते. गाडी उंच करणारा बहुधा कुटुंबवत्सल माणूस असतो आणि ते मूल त्याचेच असू शकते.

कायदा काय म्हणतो?

या हौसेचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही ती मोकाट सोडलेली नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात चासीच्या उंचीला वजनानुसार मर्यादा आहेतच, शिवाय बॉडीचा तळ चासीच्या वरच्या कडेपासून पाच इंचांहून अधिक वर असता कामा नये, असेही बंधन आहे. गाडीचे नाक वर आणि शेपूट खाली अशी फॅशन फोफावली तेव्हा नॉर्थ कॅरोलिना राज्याने डिसेंबर २०२१ पासून तिला बंदी घातली. पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच दिसले की कारवाई.

आपल्याकडचा कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारख्या इंधनाचे मान्यताप्राप्त किट किंवा दिव्यांग चालकासाठी केलेला बदल, अशा मोजक्या गोष्टींना परवानगीने वाट आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता असा बदल केलेला असेल, तर अपघातानंतर भरपाई मागताना वादाला तोंड फुटते ते वेगळेच.

मग हौसेचे काय करावे?

जुनी जीप, सुमो किंवा बोलेरो बाळगणाऱ्यांसाठी यातूनच एक उपयोगाची गोष्ट निघते. दहा-पंधरा वर्षांत बॉडीखालचे रबरी बुश चेपतात, चिरतात. मग गाडी खडखडते, दरवाजे नीट बसत नाहीत, खड्ड्यातला दणका थेट पाठीला जाणवतो. अनेकजण याचा दोष स्प्रिंगांना देतात आणि त्यांच्यावर पैसे घालतात. त्याआधी गाडीखाली वाकून बुश पाहावेत. चेपलेले असतील तर मूळ मापाचेच नवे बुश आणि नवे बोल्ट चांगल्या फिटरकडून बसवून घ्यावेत. काम जवळजवळ तेच. बॉडी इथेही उचलावीच लागते, पण जेमतेम बुश निघेल इतकी. दुवे ताणले जात नाहीत, नोंदणीतला तपशील बदलत नाही आणि गाडी कंपनीने जितकी उंच केली होती तितकीच पुन्हा उभी राहते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. ऐटदार, उंच दिसणारी जीप स्वस्तात मिळत असेल, तर आधी चाकाच्या वरून आत डोकवावे. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये नेहमीपेक्षा मोठी फट आणि तिच्यात ठोकळे दिसले, तर स्टेअरिंगचा दांडा आणि ब्रेकच्या नळ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय, आणि नोंदणीची कागदपत्रे तपासल्याशिवाय इसाराचे पैसे देऊ नयेत.