पेन ड्राइव्ह प्रिंटरलाच लावा की!

गेल्या शनिवारी गावी, नागोठण्याला गेलो होतो. बाबांच्या बँकेच्या कामाला आधारची प्रिंट हवी होती. पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेतली आणि जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. काकांनी पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, फाईल डेस्कटॉपवर ओढली, चारचौघांत पासवर्ड विचारला आणि प्रिंट काढली. फाईल मात्र राहिली तिथेच, गावातल्या बाकीच्या आधार, पॅन आणि सातबाऱ्यांच्या शेजारी!

"काका, ती डिलीट करा ना."

"असू दे हो, परत लागली तर?"

आता गंमत बघा. त्याच मशीनला समोर यूएसबी पोर्ट होता. "तो आम्ही वापरत नाही," काका म्हणाले. का, याला उत्तर नाही.

मंडळी, माझं भांडण नेमकं याच्याशी आहे. प्रिंटरमध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो. पोर्टवाली बरीच ऑफिस मशीन्स पीडीएफ आणि जेपीईजी थेट पेन ड्राइव्हवरून वाचतात, मध्ये कॉम्प्युटर लागतच नाही. यात नवीनही काही नाही. कॅमेरा सरळ प्रिंटरला जोडायचं 'पिक्टब्रिज' स्टँडर्ड २००३ सालचं आहे.

हल्ली तर "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा" म्हणतात. म्हणजे आधारसोबत आपला मोबाईल नंबरही आहेर म्हणून द्यायचा! आणि ई-आधारचा पासवर्ड काय, तर इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. नाव माहीत असलं की निम्मा कळतो.

मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं: सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड करणं टाळा, केलंच तर सगळ्या कॉपी कायमच्या डिलीट करा. गैरसमज होईल म्हणून केंद्र सरकारने दोन दिवसांत ते मागे घेतलं. पत्रक गेलं, पण धोका थोडाच गेला?

दुकानदार म्हणतील, पानांचा हिशोब कसा ठेवायचा? अहो, मशीनमध्ये काउंटर असतो. व्हायरस? विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस साध्या प्रिंटरमध्ये चालायचा कसा? उलट तुमच्या कॉम्प्युटरमधूनच तो गावभरच्या पेन ड्राइव्हमध्ये जातो.

एक मान्य करतो. मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि तिच्यात कागद उरू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा कंपनीने भाड्याचे कॉपियर डिस्क न पुसता परत केले. २०१३ मध्ये तिला बारा लाख डॉलर्सहून जास्त भरावे लागले. तरीही मशीनच्या पोटातली डिस्क आणि कोणीही उघडावा असा डेस्कटॉप यांत फरक आहेच.

थोडं काम आपलंही आहे. वर्डची फाईल नेऊ नका, बहुतेक प्रिंटर ती वाचत नाहीत. घरीच पीडीएफ करा, फॉन्ट आत बसतो आणि मराठीचे चौकोन होत नाहीत. पेन ड्राइव्ह फॅट३२ ठेवा, त्यावर तेवढीच एक फाईल ठेवा आणि काम झालं की पुसून टाका. पासवर्डवाली पीडीएफ काही मशीन्स घेत नाहीत, तेही आधी बघून घ्या. आणि चालत असेल तिथे मास्क्ड आधारच द्या.

पुढच्या वेळी दुकानात एवढंच म्हणा, "काका, इथे लावा." दहा जणांनी म्हटलं की त्या पोर्टवरची धूळ आपोआप जाईल. नाही पटलं तर भांडायला मी आहेच!