अप्रेंटिस प्लांटमध्ये काम करतो, मग तो कामगार का नाही?

केमिकल प्लांटमधल्या टाकीचा दाब किंवा पातळी कंट्रोल रूममध्ये कळते ती साधारणपणे ४ ते २० मिलिअँपिअर करंटच्या सिग्नलमुळे. ४ म्हणजे मोजमाप शून्य. पण करंटच शून्य झाला, तर वायर तुटल्याची शक्यता असते. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं, पण चालू प्लांटमध्ये बिघाड शोधायला हात बसावा लागतो. म्हणूनच आयटीआयचा दोन वर्षांचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेड करूनही अनेक जण अप्रेंटिसशिप करतात.

मात्र १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याला पगार नाही, स्टायपेंड मिळतो. कारखान्यातले सुरक्षेचे नियम आणि अपघाताची भरपाई त्यालाही लागू असते. नोकरी देण्याचं बंधन मात्र करारात तशी अट असेल तरच कंपनीवर येतं.

३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. प्रश्न उरतो तो शिकवण्याचा. वर्षभर नुसती हेल्परची कामं करून घेतली, तर कंपनीला स्वस्तात माणूस मिळतो, पण मुलाच्या हाती कसब येत नाही.

त्यामुळे सही करण्याआधी स्टायपेंडच्या आकड्यासोबत करारात काय शिकवणार आहेत, हेही वाचायला हवं.