अ‍ॅव्हरेज काढताय? जरा थांबा!

शनिवारी सकाळी एक्स्प्रेस-वेला लागलात की लोणावळ्याची चिक्की दिसायच्या आधी गहुंजेचं स्टेडियम दिसतं. गाडीत चार जण असतील तर एक जण हमखास म्हणतोच, ‘इथेच विराटने २५४ मारले!’ त्याला एकच प्रश्न विचारा. गहुंजेत कोहलीचं टेस्टमधलं अ‍ॅव्हरेज किती?

उत्तर आहे ७१.२५. भारी ना? आता डिटेल्स बघा. तिथे तो पाच इनिंग्ज खेळला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ० आणि १३, २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४, २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध १ आणि १७. एकूण रन्स २८५, आउट चार वेळा, भागाकार करून मोकळे व्हा. म्हणजे पाचपैकी चार वेळा साहेब विशीच्या आत परतले, त्या दोन्ही मॅचेस आपण हरलो, आणि आकडा म्हणतो एकाहत्तर! ती एक इनिंग बाजूला ठेवली तर उरतात फक्त पावणेआठ. मे २०२५ मध्ये तो टेस्टमधून रिटायर झाला, त्यामुळे हा हिशेब आता फायनल.

गंमत म्हणजे ७१.२५ हा आकडा खोटा नाही. फक्त पाच इनिंग्जवरून माणूस ओळखायला गेलं तर असंच होतं. कोहलीचं ठीक आहे हो, त्याचं करिअर शंभराहून जास्त टेस्टचं. पण तेरा वर्षांच्या मुलीचं काय?

आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळ आहेत. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. त्याच हिशेबाची वही मी मावळातल्या एका मैदानावर पाहिली. एक वडील, तळेगाव एमआयडीसीतली शिफ्ट संपवून तसेच आलेले, कोचना विचारत होते, ‘सर, आमच्या पोरीचं दोनशे शहाऐंशी, आणि तिच्या मैत्रिणीचं तीनशे तेहतीस. म्हणजे आमची टीमबाहेर जाणार का?’

सर म्हणाले, ‘अहो, आधी वही तर बघा.’

तर आधी बेसिक्स. सॉफ्टबॉल-बेसबॉलमध्ये बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट्स भागिले अ‍ॅट-बॅट्स. उत्तर दशांशात येतं, पण .३३३ ला सगळे ‘तीनशे तेहतीस’च म्हणतात. आणि दचकू नका, इथे पस्तीस टक्क्यांना पासिंग नसतं! तीनशेचा बॅटर म्हणजे चांगला बॅटर. दहात सात वेळा फसूनही चांगला. १९४१ मध्ये टेड विल्यम्सने ४०६ काढले, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण सीझनसाठी कुणालाही चारशे गाठता आलेले नाहीत.

आता मेख. बॅटरने चार खराब बॉल सोडले तर त्याला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला म्हणतात वॉक. हा वॉक अ‍ॅट-बॅटमध्ये धरतच नाहीत. या हिशेबाची घडी बसवणाऱ्यांत मोठं नाव हेन्री चॅडविकचं. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या पेपरांसाठी क्रिकेट कव्हर करणारा पत्रकार. त्याचं मत असं, की वॉक ही पिचरची चूक, त्यात बॅटरचं कसलं कर्तृत्व? १८८७ च्या सीझनला वॉकही हिट म्हणून धरून पाहिले. सगळ्यांची अ‍ॅव्हरेजेस फुग्यासारखी फुगली आणि पुढच्या वर्षी नियम मागे घेतला!

पुन्हा वहीकडे. दोघी मुली बारा-बारा वेळा बॅटिंगला आल्या. मैत्रिणीचे चार हिट्स, वॉक एकही नाही. बारापैकी चार, म्हणजे ३३३. या मुलीचे वॉक पाच. उरले सात अ‍ॅट-बॅट्स, त्यात दोन हिट्स, म्हणजे २८६. पण बेसवर कोण किती वेळा पोचलं? मैत्रीण चारदा, ही सातदा. याला म्हणतात ऑन-बेस पर्सेंटेज: एकीचं ३३३, दुसरीचं ५८३. बेसवर कुणी पोचलंच नाही तर रन येणार कुठून? ‘बॅटिंगला पहिली हिलाच पाठवतो मी,’ सर म्हणाले. वडिलांनी वही दोनदा वाचली.

अजून एक गोष्ट. तिचा एक हिट जास्त पडला असता तर सातपैकी तीन, म्हणजे थेट ४२९! एका फटक्याने ‘कमी पडतेय’ची ‘स्टार’ होते. सात इनिंग्जच्या मॅचमध्ये एका मुलीला बॅट मिळते साधारण तीनदा. चार मॅचेसच्या जोरावर कुणाचं भविष्य काय सांगणार?

आणि स्कोअररला विसरू नका. क्रिकेटमध्ये सुटलेल्या कॅचनंतरचे रन्सही बॅट्समनच्याच खात्यात जातात. इथे फील्डरची चूक, म्हणजे एरर, ठरली तर बॅटर बेसवर पोचूनही हिट मिळत नाही, आणि अ‍ॅट-बॅट मात्र मोजला जातो. मैदान खडबडीत, बॉल दगडावर उडाला... हिट की एरर? ते पेन्सिल धरणारा ठरवतो. शाळेच्या वयात फील्डिंग कच्चीच असते, त्यामुळे जोरात पळणाऱ्या मुलीचा यात सगळ्यात जास्त तोटा.

आकडा वाचताना विचारायचे तीन प्रश्न:
• बॅटिंगला किती वेळा आली?
• बेसवर किती वेळा पोचली?
• वही कुणी लिहिली?

हे तीन प्रश्न आपल्या ऑफिसातही चालतात बरं का. अप्रेझलच्या वेळी एका क्वार्टरचं रेटिंग समोर आलं की आपण लगेच तरी फुगतो, नाहीतर बाथरूममध्ये जाऊन रडतो. क्लायंटने शेवटच्या दिवशी सही केली की ३३३, सोमवारवर ढकलली की २८६. आणि जो दिवसभर इतरांची कामं मार्गी लावतो, त्याचे वॉक कुठल्या एक्सेल शीटमध्ये दिसतात?

भागाकारात वरचा आकडा सगळेच बघतात. पुढच्या वेळी खालचाही विचारा.